इतर मुद्दे

इतिवृत्त मी लिहिते. एकोणीस वर्षं झाली.
शाळेच्या जेवणघरात सभा, बाहेर उणे एकतीस.
कोट कुणीच काढलेला नाही.
महापालिकेतून एर्देनेखू नावाचा मुलगा आलाय,
त्याच्या चष्म्यावरची वाफ अजून उतरत नाही.
पडद्यावर आमची टेकडी, आभाळातून टिपलेली:
कुंपणांच्या रेघा, नमद्याच्या तंबूंचे पांढरे ठिपके,
हवा लख्ख.
फोटो जुलैतला आहे, असं मागून कुणीतरी म्हणालं.
मी ते लिहिलं नाही.

प्रस्ताव तीन, पत्र्याचे डबे तीन.
कच्चा कोळसा बंद, दाबलेल्या गोळ्या स्वस्त.
रात्री नऊ ते सहा वीज फुकट.
जमीन द्या, बाराव्या मजल्यावर फ्लॅट घ्या.
माणसं अडतीस. प्रत्येकाच्या हातात
मेंढीच्या घोट्याची तीन हाडं,
लहानपणी आम्ही खेळायचो तीच, घासून गुळगुळीत.
कुठल्या डब्यात किती, ज्याचं त्यानं ठरवायचं.

ट्रक चालवणारा दमदिन उठला.
माझा मेहुणा त्या गोळ्या पेटवून झोपला
तो झोपलाच. तुमच्या तक्त्यात तो कुठं बसतो?
एर्देनेखू म्हणाला, धुराडं नीट नसेल.
नसेलच, दमदिन म्हणाला, आणि खाली बसला.

नरमंदाख मुलांच्या दवाखान्यात रात्रपाळी करते.
तिनं उभं राहायचीही तसदी घेतली नाही.
जानेवारीत एका खाटेवर दोन पोरं निजवते मी,
एकाचं डोकं उशाला, एकाचं पायथ्याशी.
काय जाळायचं नाही ते तुम्ही ठरवा.
मला खाट मोकळी करून द्या.

लुव्सान आजोबांना फ्लॅटबद्दल विचारायचं होतं:
बाराव्या मजल्यावर कुत्र्यानं भुंकायचं कुणावर?
सगळे हसले. ते हसले नाहीत.
कुंपण एक, आत तीन लेकांचे तीन तंबू,
आणि तुमची किल्ली एकच.
कागदी घोडे आम्हीही पुष्कळ पाहिलेत, बाळा.
आमच्या घोड्यांना निदान चारा तरी लागतो.

मग फुकट विजेचा तक्ता उघडला
आणि त्याच क्षणी वीज गेली.
आधी शांतता. मग असं हसू फुटलं
की एर्देनेखूही त्यात सापडला.
टेकडीवरच्या सगळ्या शेगड्या एकदम पेटल्या की असंच होतं,
अंधारात तो म्हणाला. खरं बोलला.
त्या संध्याकाळी पहिल्यांदा
आम्ही त्याचं नीट ऐकलं.

तेव्हाच मागून एक बारीक आवाज:
पाण्याची टपरी सहाला बंद होते.
दुपारची शाळा सहा दहाला सुटते.
एक तास उशिरा कुलूप लावता येईल का?
सोलोंगो, सातवीतली. आईऐवजी आलेली.
कुणीतरी म्हणालं, हा आजचा विषय नाही.
कुणीतरी म्हणालं, गप रे.
आणि सूपाचं मोठं पातेलं ओढल्याचा आवाज आला,
मग त्यात एक हाड पडल्याचा,
मग गार पडत चाललेल्या खोलीत
बराच वेळ दुसरं काही ऐकू आलं नाही.

दिवे आले. मोजलं.
कोळसा एकोणतीस. वीज बावीस. फ्लॅट अकरा.
पातेल्यात एक्कावन्न.
याला रकाना नाही, एर्देनेखू म्हणाला.
मी पान उलटलं. प्रत्येक इतिवृत्ताच्या तळाशी
'इतर मुद्दे' छापलेलं असतं, खाली दोन ओळी जागा.
एवढ्या वर्षांत तिथं मी बहुधा 'नाहीत' लिहीत आले.
आज बारीक अक्षर काढलं तरी ओळी पुरल्या नाहीत.

बेरीज एकशे तेरा. हवी होती एकशे चौदा.
पुन्हा मोजलं. टेबलाखाली पाहिलं.
एकशे तेराच.

घरी आले, चूल फुंकली,
कच्चाच कोळसा, आहे तो संपवायला हवा.
कोटाच्या खिशात हात घातला.
नरमंदाखच्या खाटा आठवत होते तेव्हापासून
ते हाड तिथंच होतं, माझ्या अंगाइतकं ऊन.